ग्रोहोल्मेन येथील वायुकोठाराचा जबाब

नॉर्वे मुलखी, पश्चिम किनाऱ्यास, ग्रोहोल्मेन बेटावर कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जहाजांतून उतरवून समुद्रतळाखालील खडकात कोंडण्याचे ठाणे. तेथील किल्लेदार राजमान्य राजश्री तोर्लाइफ व्यवस्थापक यांस नियामक दरबाराचा खलिता आला, की विहिरीवरील गळतीची वर्दी देणारे यंत्र तपासले किंवा कसे, ते लिहून कळवावे. यंत्र तपासले नव्हते. खोटे लिहावयास हात धजेना आणि खरे लिहिता अब्रू जाते, मग खलिता टेबलाच्या खणात नजरकैद जाहला.

दरबार कोपला. जबाब न मिळाल्यास विहीर बंद, ऐसा हुकूम घेऊन सुनिव्हाबाई निरीक्षक फेरीबोटीने चाल करून आल्या. सिमेंट कारखान्याचे भरले जहाज वाटेवर. विहीर मिटली तर ते माघारी जाणार आणि बेटाची रोजी बुडणार. मग किल्लेदारांनी नेहमीची मसलत केली: गरम वॅफल, त्यावर तपकिरी चीज, आणि कॉफी, आणि मग पुन्हा वॅफल. या माऱ्यापुढे आजवरचे निरीक्षक नामोहरम होऊन परतीच्या बोटीस लागले होते. बाईंनी मात्र पिशवीतून घरचा डबा काढून टेबलावर ठेविला. बेटावर वॅफल नाकारणे म्हणजे उघड युद्ध. स्वयंपाकी ओद्वार याने पळी खाली ठेविली.

"बाई, एक तरी घ्या की! विष नाही घातलं."

"कामावर कुणाचं खात नाही हो मी. तोर्लाइफ, यंत्र तपासलंत?"

"समुद्र खवळला होता..."

"वर्षभर?"

किल्लेदार कानापर्यंत लाल जाहले. "नाही तपासलं."

"मग तसंच लिहायचं होतं ना! आज तपासलंत तर हुकूम पिशवीतच राहील. काढा बोट."

मग नौका सजली, आणि बाई केशरी जाकीट लेवून आघाडीस, आणि ओद्वार सुकाणूस, ऐसे रणास निघाले. यंत्राखाली मुद्दाम बुडबुडे सोडिले. यंत्र मुके! किल्लेदारांच्या तोंडचे पाणी पळाले. मग पाण्याखाली यांत्रिक हात पाठवून नवे यंत्र बसविले, पुन्हा बुडबुडे सोडिले, आणि नौकेवर ऐसा भोंगा वाजला, की सीगल पक्ष्यांची फौज पांगली.

"आता कसं बोंबलतंय!" ओद्वार ओरडला, आणि बाईही हसल्या.

येणेप्रमाणे दरबारची फत्ते जाहली, जहाज धक्क्यास लागले, आणि ठाणे राहिले. मग किल्लेदारांनी स्वहस्ते जबाब लिहिला, की तपासले नव्हते, बिघडलेले निघाले, बदलले. आणि चालत जाऊन तांबड्या टपालपेटीत टाकिला, आणि आत पडल्याचा आवाज ऐकला, मगच माघारी फिरले.