पहिल्या हुकाचा कोट

"बाबा, आईचा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहून काढलाय," लेक म्हणाली, आणि लाँड्रीवाल्या काकांच्या हातातली इस्त्री कॉलरवर टेकण्याआधीच थांबली.

"आधीचा काय वाईट होता?"

"वाईट नव्हता. म्हातारा झालाय. कॉम्प्युटर रोज मधेच बंद पडतो. नव्या मशीनवर आईची ती जुनी फोरट्रान भाषा कुणी चालवत नाही."

दुकानात कपड्यांची फिरती दांडी होती. पावतीचा नंबर दाबला की मोटर घुरघुरायची, दांडी फिरायची आणि बरोबर त्या गिऱ्हाइकाचे कपडे काउंटरसमोर येऊन थांबायचे. ही करामत काकूंची. त्यांची सगळी नोकरी हवामान खात्यात गेली, वारा-पावसाची गणितं करण्यात. रिटायर झाल्यावर त्यांनी त्याच भाषेत नवऱ्याच्या दुकानाची दांडी फिरवली. कपडे खाकी कागदात गुंडाळायचे आणि वर नाव लिहायचं नाही, हा नियमही त्यांचाच. कोण किती मळवतो हे शेजाऱ्याला कशाला कळायला हवं? हुकांवरचे आकडे वाफेनं केव्हाच पुसले गेले होते, पण कुणाचं अडलं नाही. कुठं काय टांगलंय ते प्रोग्रॅमला ठाऊक होतं.

"तुमच्या दोघींच्या भाषेत फरक काय गं?" काकांनी विचारलं.

"आईची आकडेमोडीत वाघ होती. पण सगळं मोठ्या अक्षरांत आणि प्रत्येक ओळ सहा घरं सोडून सुरू करायची. माझी वाचायला सोपी. आईनं पानभर लिहिलंय ते इथं चार ओळींत होतं."

"तिला घाई नव्हती," काका म्हणाले आणि इस्त्री फिरवू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्यात काही घरं-बिरं सोडावी लागत नाहीत ना?"

"लागतात. ओळ आत सरकवायची असते. चुकलं की चालतच नाही."

"मग फरक कुठाय? दोघी सारख्याच हट्टी."

लेक हसली. काका हसले नाहीत. "पहिल्या हुकाला हात लागता कामा नये. सांग तुझ्या त्या पायथनला."

पहिल्या हुकावर, दांडीच्या सांध्यालगत, काकूंचा करडा लोकरी कोट होता. प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवून बघताना काकूंनी स्वतःचाच कोट टांगला होता. आधी माझ्यावर प्रयोग, मग गिऱ्हाइकांवर, म्हणाल्या होत्या. पुढं तो हूक त्यांचाच राहिला. त्या गेल्यावर काकांनी कोट धुतला, इस्त्री केली, कागदात गुंडाळला आणि परत तिथंच टांगला. घरातल्या कपाटालाही त्यांनी अजून हात लावू दिला नव्हता.

"कोट तिथंच राहील बाबा," लेक म्हणाली. "माझा शब्द."

सोमवारी सकाळी नवा प्रोग्रॅम सुरू झाला. लेकीनं मुद्दाम रजा घेतली होती. दांडी पहिल्यापेक्षा झपाझप फिरत होती, काउंटरपुढं रांग लागतच नव्हती. गिऱ्हाइकं आली, गेली. आत इस्त्री करता करता काकासुद्धा मनातल्या मनात म्हणाले, पोरगी आईवर गेलीय.

दुपारी दाताचे डॉक्टर आले. हातात कागद, कागदात लालभडक कोट, खांद्यांवर सोनेरी झालरी.

"काका, हे काय? मी पेशंटसमोर पुडकं सोडलं हो! आधी त्याचं तोंड उघडत नव्हतं, आता मिटत नाहीये. तसाच हसत बसलाय खुर्चीत."

त्यांची समजूत काढेपर्यंत बँडवाला आला. तो घाईत गाडीतच कपडे बदलणारा माणूस. अंगात काळा झगा होता, गुडघ्याखाली गेलेला.

"मी ट्रम्पेट घेऊन उभा राहिलो, तर सगळा हॉल उठून उभा राहिला! कुणी बसेना! शेवटी मीच बसलो."

"तो झगा न्यायाधीशबाईंचा आहे," काका म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. लेकीनं उचलला.

"मी कोर्टातून बोलतेय," पलीकडून शांत आवाज आला. "माझ्यापुढं आरोपी उभा आहे आणि माझ्या हातात बस चालवायचा कोट आहे. बिल्ल्यासकट. आता त्याला शिक्षा देऊ की तिकीट?"

लेकीनं माफी मागितली, फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. डॉक्टरकडं बँडवाल्याचं. बँडवाल्याकडं न्यायाधीशबाईंचं. त्यांच्याकडं बसवाल्या ताईंचं. "बाबा, प्रत्येकाला एक हूक अलीकडचं गेलंय."

"मोटर घसरली असेल."

"मोटर नाही, मी घसरले. आईची भाषा एकपासून मोजते. माझी शून्यापासून. आईची हुकांची यादी तशीच उचलून ठेवली मी."

"शून्यापासून?" काकांना हे पटेचना. "शून्यावर टांगणार काय?"

"असतं तसं, बाबा."

"असतं कसं? पहिलं गिऱ्हाईक आलं की कुणी शून्य म्हणतं का?"

"मला पटलं," बँडवाला म्हणाला. "आम्हीसुद्धा एकपासूनच सुरू करतो."

लेक उत्तर देणार होती, तेवढ्यात तिला यादी आठवली. बसवाल्या ताईंचा कोट दुसऱ्या हुकावर होता. मग त्यांना जे गेलं, ते... दोघांनी एकदमच दांडीच्या सांध्याकडं पाहिलं. सांध्यालगतचा हूक रिकामा होता.

काकांनी इस्त्री बंद केली. हे लेकीला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"झगा काढा," ती बँडवाल्याला म्हणाली, "आणि तुमचा कोट डॉक्टरांकडून घ्या. कुणी आलं तर सांगा, एक हूक पुढचं घ्या म्हणून."

"अहो, पण मी बँडवाला आहे!"

"आणि माझा पेशंट?" डॉक्टर म्हणाले. तोवर बाप-लेक रस्त्यावर आले होते.

ताईंची बस स्टॉपवर आली तेव्हा अंगात वारा शिरत होता. दार उघडलं. काकांना आधी बाही दिसली, मग खांदे, मग कॉलर. काकूंचा करडा कोट स्टिअरिंगपाशी बसला होता आणि म्हणत होता, "चढा लवकर, मागं जागा आहे!"

काका आत गेले आणि ताईंच्या मागच्या सीटवर बसले. बोलायचं होतं, पण बस चालू होती. वर्षभर तो कोट कागदात सरळ, चपटा उभा होता. आता त्याची पाठ वळणावर वाकत होती, ब्रेक लागला की ताठ होत होती. कुणीतरी घंटी उगाच दोनदा वाजवली, तर त्यातले खांदे वैतागून उडाले. काकूही अशाच खांदे उडवायच्या.

"मी आईचाच प्रोग्रॅम परत लावते," लेक शेजारी हळूच म्हणाली. "कॉम्प्युटर दुरुस्त करून आणते. बाबा, ऐकताय ना?"

काका समोर बघत राहिले.

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. ताईंनी आरशात पाहिलं. "काका, इथं गाडी संपते. उतरायचं नाही का?"

मग लेकीनं सगळं सांगितलं. कोट कुणाचा, हेही सांगितलं. ताईंचा चेहरा पडला. "अगं बाई! ड्युटीची घाई, बाहेर हे असलं गार. पुडकं सोडलं आणि घातला तो. मला काय माहीत..." त्या गडबडीनं बटणं सोडायला लागल्या.

"राहू दे," काका म्हणाले.

"अहो, असं कसं?"

"तुमचा कोट कोर्टात अडकलाय. कुडकुडत चालवणार का बस?"

ताईंनी बटण परत लावलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाल्या, "ऊबदार आहे हो फार. जरा बाह्या लांब पडतात, तेवढंच. स्टिअरिंगवर येतात मधेमधे."

"उंच होती ती," काका म्हणाले. "माळ्यावरचं काही हवं असलं की मीच तिला हाक मारायचो."

लेक मान खाली घालून उभी होती. काकांनी तिच्याकडं पाहिलं. "तुझाच प्रोग्रॅम राहू दे. त्या मशीनला किती दिवस दामटायचं? एकपासून मोजायला तेवढं शिकव त्याला."

"तुम्हाला चालेल?"

काका पुढं झाले. ताईंचा हात त्यांनी मनगटाशी धरला, शिंप्यासारखा, आणि करड्या बाहीची कड बोटांनी आत दुमडून बघितली. थोडी कमी केली. मान तिरकी करून पुन्हा बघितली.

"आठवडाभर वापरा आणि मग दुकानात आणा. बाह्या बेताच्या करून देतो."

लेक दचकली. "बाबा! आईच्या कोटाला कात्री?"

"कात्री कशाला?" काका म्हणाले. "आतून दुमडायच्या, चार टाके घालायचे. उद्या कुणी उंच निघालं, तर सोडता येतात."