बरा झालेला कुलूपवाला

हेपॅटायटिस सी बरा होऊन वर्ष उलटलं, तरी कुलूपवाल्याच्या दुकानाचं शटर काही वर गेलं नव्हतं. रक्तात विषाणू उरलेला नाही, यकृताला थोडे व्रण आहेत, दर सहा महिन्यांनी दाखवून जा, बाकी खुशाल काम करा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. बायकोने त्यातलं 'यकृताला व्रण' तेवढं ऐकलं. त्यानंतर तिने त्याला पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नाही.

"अगं, मी ठणठणीत आहे."

"आजारपणात चार पायऱ्या चढलात की धापा टाकत बसायचात. मी पाहिलंय. दुकानाचं नाव काढू नका."

शेवटी काहीतरी करून दाखवायचं असं त्याने ठरवलं. बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तसा तो हत्यारांची पेटी घेऊन बाथरूममध्ये शिरला. तिथलं कुलूप बरेच दिवस अडकत होतं. त्याने दार लोटून घेतलं आणि आतली मूठ उपसली. त्याबरोबर बाहेरची मूठ दांड्यासकट पलीकडे पडली. आतली स्प्रिंग उडाली, ती थेट मोरीच्या जाळीतून खाली. दार बंद ते बंदच. पेटीतला पेचकस घालून पाहिला, पण कुलपाची जीभ आतून काही हलेना.

थोड्या वेळाने बाहेर पावलं वाजली.

"मूठ खाली कशी पडली?"

"कंटाळली असेल."

"चक्कर आलीये का तुम्हाला? थांबा, चौकातल्या कुलूपवाल्याला बोलावते."

त्याचं धाबं दणाणलं. चौकातल्याने येऊन सोडवलं, तर याच्या दुकानाची पायरी पुन्हा कोण चढणार?

"कुणाला बोलावू नकोस. माझ्या पोटाची फिल्म आण, स्कॅनची."

"यकृताची? ती जपून ठेवलीय मी."

"यकृत माझ्याकडेच आहे. फिल्म आण."

तिने फिल्म आणली. तो आतून सांगू लागला, "दाराच्या फटीत घाल. वरून खाली आण. कुलपाच्या जिभेला अडली की दाब आणि दार ढकल."

"अडली. आता गप्प बसा जरा."

तिसऱ्या खेपेला दार उघडलं. नवऱ्याकडे न बघता ती कुलपाचीच जीभ बोटाने आतबाहेर करत राहिली.

"एवढंच असतं?"

"एवढं शिकायला मला महिना लागला होता," तो बोलून गेला.

बायकोने जीभ आणखी एकदा आत दाबून पाहिली आणि म्हणाली, "उद्या उघडू दुकान."

दुसऱ्या दिवशी त्याने एका दमात शटर वर केलं. धाप नाही, काही नाही. मोठ्या ऐटीत तो वळला, तोवर त्याच्या स्टुलावर बायको जाऊन बसली होती. तिच्यासमोर पहिलं गिऱ्हाईक पेटीचं कुलूप घेऊन उभं होतं.

"अहो, उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "दोन चहा सांगून या."