धुरपाअक्कांची चहाडी

धुरपाअक्का दारात आल्या की आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघत. मग पदर तोंडाशी नेऊन कुजबुजत, "मास्तर, मालूम पडनं का?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मीही गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. अमळनेरजवळच्या खेड्यातून मी नुकताच जळगावला शाळेत लागलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. अब्रूला फार जपायचो. कोणीतरी कोणाबरोबर पळालं असणार, असं धरून मी कान पुढे केला. बातमी अशी होती, की चक्कीवाल्या भिकानं म्हाताऱ्या पारूबाईंचं दळण स्वतःच्या डोक्यावरून घरी पोचवलं होतं.

"मी सोता देखं," अक्का म्हणाल्या. "कोनले सांगू नका."

आणि स्वतः शेजारच्या घरी सांगायला गेल्या.

चोर पकडावा तशी अक्का माणसांची भलाई पकडत. धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर लेकुरवाळ्या बाईसाठी तांब्या भरून आणताना त्यांच्या तावडीत सापडला, ती बातमी दोन गल्ल्या फिरली. भिकाचे तर हाल झाले. सगळ्या म्हाताऱ्या त्याच्याचकडे दळण आणू लागल्या. तो म्हणायचा, "मास्तर, मदत करायची तर आधी अक्का कुठे आहे ते बघावं लागतं."

अक्का एकट्याच राहत. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. दिवसभर गल्लीतली घरं हेच त्यांचं घर.

कोपऱ्यावर मोतीशेटचं किराणा दुकान होतं. शेट तोंडाचे तिखट. सातपुड्याच्या पायथ्याची एक बाई डिंक विकायला यायची आणि त्यांच्या पायरीवर टेकायची. शेट गिऱ्हाइकांदेखत तिच्यावर खेकसत. एका दुपारी अक्का एका पायातली चप्पल वाटेतच टाकून माझ्याकडे धावत आल्या. शेटनी त्या बाईला आत सावलीत बसवलं होतं आणि तिच्या भाकरीवर लोणच्याची फोड ठेवली होती.

"सोताना हातनी, मास्तर!"

दुसऱ्या दुपारी मोळीवाल्या, शेणीवाल्या, झाडूवाल्या, सगळ्या शेटच्या पायरीवर भाकरीचं फडकं सोडून बसल्या. आठवड्याभरात शेटाणींच्या लोणच्याच्या बरणीचा तळ दिसू लागला. शेट तरातरा गल्लीत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, तुमच्या घरात बघायला कोणी नाही, म्हणून दुसऱ्यांची घरं बघत फिरता."

अक्का वळल्या. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

ते उघडेचना. पाणी भरण्यापुरत्या बाहेर येत, मान खाली घालून. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. लेकी माहेरी येऊ लागल्या, निंबाला झोके बांधले गेले, गाणी सुरू झाली; पण गल्ली बेचव वाटत होती. भिकानं एकदा पुन्हा दळण पोचवलं, अक्कांच्या बंद दाराकडे बघितलं आणि खट्टू होऊन परत गेला. मला राहवेना. मीच अक्कांच्या दाराशी जाऊन ती बातमी कुजबुजलो.

आतून आवाज आला, "मी नही देखं, मास्तर."

आखाजीच्या दिवशी सकाळी मी ओट्यावर उभा होतो. शेटची लेक कमला सासरहून आली होती. कैऱ्यांनी भरलेली पिशवी घेऊन ती सरळ अक्कांच्या दाराशी गेली. मागे विजेच्या खांबाशी शेट उभे होते, जणू खांबच बघायला आले होते.

"अक्का," कमला म्हणाली, "आमची बरणी रिकामी झाली. बापूजी म्हणाले, यंदा तुझं माहेर अक्कांकडे. लोणचं घालूनच परत ये."

मग आत भांडं पडलं आणि कडी निघाली.

दुपारभर दोघी कैऱ्या फोडत होत्या. संध्याकाळी कमला झोक्यावर बसली, आणि तिला झोका द्यायला अक्का उभ्या होत्या. इतर कोणाला त्यांनी दोरीला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी माझा चहाही व्हायचा होता, तोच दारात अक्का. गल्लीची दोन्ही टोकं बघून झाली. पदर तोंडाशी गेला.

"मास्तर, मालूम पडनं का? एक म्हतारीना घर काल लेक माहेरले उनी."

कोणत्या म्हातारीकडे लेक आली, मी विचारलं.

अक्कांनी मान हलवली. नाव काही सांगितलं नाही. डोळे पुसत, हसत, त्या शेजारच्या दाराकडे निघाल्या. 'कोनले सांगू नका' म्हणायला मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच विसरल्या.