टॉवेलची तब्येत

मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यावर पातळ टॉवेल टाकला आणि खुर्चीत येऊन ते परिणामांची वाट पाहू लागले.

याला कारण वाचनालयातून आणलेली एक कादंबरी. तीत प्रत्येक नागरिकामागे सरकारने एक माणूस नेमला होता. तो भिंतीआडून त्याचं खाणं, झोपणं, पुटपुटणं सगळं टिपून ठेवी. मास्तरांना नायकाची दया आली. मग त्यांची नजर वर गेली. एकट्या वडिलांवर लक्ष राहावं म्हणून मुलीने दूरच्या शहरातून पाठवलेला कॅमेरा त्यांच्याकडेच बघत होता. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला हे समीकरण सोडवायला वेळ लागला नाही.

मुलगी जाब विचारील तेव्हा काय बोलायचं तेही ठरलं : व्यक्तिस्वातंत्र्यावर चार मुद्दे, सुमारे अकरा मिनिटं.

पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी फोन बिघडला तर नाही ना, हे त्यांनी तपासलं. तिसऱ्या दिवशी मुद्दे सात झाले. चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, कमाल केलीत! काय फिरताय हल्ली!"

"मी?"

"रिपोर्ट आलाय ना. दिवसाला चौदा तास हालचाल! मी रजा टाकून यायच्या बेतात होते, पण आता जीव भांड्यात पडला. असेच ठणठणीत राहा हं. ठेवते, गाडी आलीय दारात."

मास्तरांनी कंपनीला फोन लावला.

"काका, बघत कुणीच नाही," तिकडची मुलगी म्हणाली. "मशीन फक्त हालचाल मोजतं. वर पंखा आहे का?"

"आहे."

"मग टॉवेल हलत असणार. मशीनला वाटतंय तुम्हीच फिरताय."

"म्हणजे माझ्यावर एकही माणूस नेमलेला नाही?"

"नाही हो. दिवसा चाळीस मिनिटं काहीच हललं नाही, तर लाल दिवा लागतो. मग आम्ही फोन करतो."

मास्तरांना त्या नायकाचा प्रथमच हेवा वाटला. एक अख्खा माणूस! तोही पगारी!

त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली. उकाड्याने घामाच्या धारा लागल्या. पुसायला टॉवेल हवा होता, पण तो कामावर होता.

एकेचाळिसाव्या मिनिटाला फोन वाजला. तीच मुलगी.

"काका, बरे आहात ना?"

"बरा आहे. माझ्या मुलीला कळवू नकोस, उगाच घाबरेल. तू जेवलीस का?"

"अजून नाही."

मग मास्तरांनी घरी कोण कोण असतं ते विचारलं, गणितात किती पडायचे तेही विचारलं. "सदतीस," ती म्हणाली आणि दोघंही हसली. मास्तर पहिल्या मुद्द्याकडे वळणार, एवढ्यात ती घाईने म्हणाली, "काका, ठेवावं लागेल. तीन मिनिटांच्या वर गेलं की आमच्या नावापुढे लाल खूण होते. साहेब मागे उभेच असतात."

"मागे? खरोखरचा माणूस?"

"दिवसभर."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. दहा सेकंद उरले होते. "ठेव, ठेव. माझ्यापायी तुला बोलणी नकोत."

तिने लगेच ठेवला नाही. आवाज खाली आणून ती म्हणाली, "पुन्हा दिवा लागला, तर पुन्हा फोन करावाच लागतो, काका. नियमच आहे तसा. आणि मिनिटं दर वेळी नव्याने तीन."