सेनापतीच्या बायकोचं वाक्य

मालिकेतला सेनापती युद्धावर निघाला होता आणि मास्तरांच्या स्वयंपाकघरातला फ्रिज गळत होता.

मास्तरांचे परदेशी भाषेचे शिकवणीवर्ग कधीच बंद पडले होते; 'मास्तर' एवढं नाव मागे राहिलं होतं. हल्ली ते घरीच बसून आपल्या देशातल्या मालिकांचे संवाद त्या परदेशी भाषेत उतरवत आणि पडद्याच्या तळाशी बसवत. काम सांस्कृतिक खात्याचं होतं. तोफांना जग घाबरतं, पण मालिका बघून आपलंसं होतं, असं खात्याचं म्हणणं होतं. मास्तरांचं याबाबत काहीच म्हणणं नव्हतं. ते एका कानावर हेडफोन लावत आणि दुसरा कान बायकोसाठी मोकळा ठेवत. दोन्ही कान झाकले की घरात महायुद्ध पेटतं, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

त्या दिवशी हा भाग हातावेगळा करून केस कापायला जायचा त्यांचा बेत होता. पडद्यावर दगडी काळजाचा सेनापती चक्क रडत होता. त्याची बायको म्हणाली, "सांभाळून जा." मास्तरांची बोटं उचलली गेली, आणि त्याच क्षणी मोकळ्या कानात आवाज घुसला.

"अहो, निघालात कुठं? आधी गळतंय ते पुसा, मग कुठं जायचं तिथं जा!"

कानात पडेल ते दुसऱ्या भाषेत उतरवायचं, ही बोटांची जुनी सवय. ती बोटं आपलं काम करून मोकळी झाली. मास्तरांनी भाग खात्याकडे पाठवला, भिंतीला अंग चोरत दार गाठलं आणि न पुसताच सटकले.

काही आठवड्यांनी खात्याच्या संचालकबाईंचा फोन आला.

"मास्तर, काय करून ठेवलंत तुम्ही! तिकडे लोक रडतायत!"

मास्तरांनी घाईनं संगणक उघडला. त्यांनी भाग काढून पाहिला, आणि सेनापतीच्या रडक्या तोंडाखाली आपल्या फ्रिजचा उद्धार वाचून त्यांना भोवळ यायची बाकी राहिली.

"चुकलं बाई, मी आत्ता—"

"अहो, चुकलं काय! भारावून रडतायत!"

त्या देशात चारचौघांत डोळे पुसणं म्हणजे कमीपणा. तिथल्या लोकांनी ते वाक्य दवाखान्यांच्या दारांवर चिकटवलं होतं, स्टेशनांच्या भिंतींवर रंगवलं होतं. ज्या देशातल्या बायका रणावर निघालेल्या नवऱ्याला 'रडू नको' न म्हणता 'रडून घे, पूस, मग जा' म्हणतात, तो देश किती समजूतदार असेल, असं तिकडची वर्तमानपत्रं लिहीत होती. खात्यानं इतकी वर्षं नाचाची पथकं पाठवली, चित्रांची प्रदर्शनं भरवली, पण तिकडे रिकाम्या खुर्च्यांशिवाय कुणी फिरकलं नव्हतं.

"पण मूळ संवादात तर 'सांभाळून जा' एवढंच आहे," बाई म्हणाल्या. "हे आणलंत कुठून?"

खरं सांगायची ती वेळ होती. मास्तरांनी तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते असं, "म्हण आहे एक. आपल्याकडची. जुनी."

"वा! आणि आम्हाला माहीतच नाही!" बाई हळहळल्या.

मग त्या म्हणीला पाय फुटले. खात्यानं ती रुमालांवर छापली. देशाच्या जाहिरातीत ती घातली. एका प्राध्यापकांनी तर आपण ती आजीच्या तोंडून ऐकल्याचं लिहिलं. ते वाचून मास्तरांना वाटलं, खरंच असेल कदाचित. म्हणजे आपली लाज जरा कमी होईल. ती काही कमी झाली नाही. रस्त्यात कुणी "मास्तर, देशाचं नाव काढलंत" म्हटलं की ते चपलेचा अंगठा दुरुस्त करायला खाली वाकत. घरी तर ते आपण होऊन फडकं घेऊन फ्रिजपुढे बसू लागले. बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

तिला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. तिला मालिकांचं वावडं होतं, म्हणून तेवढं निभावलं.

आणि एके दिवशी तिकडचे रसिक आपल्या खर्चानं इकडे आले. खात्यानं सभागृहात स्वागत ठेवलं. मास्तरांना बोलावणं आलं, तेही सपत्नीक. बायको ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली. मास्तर मात्र दुभाषा म्हणून तिच्याशेजारी दातखीळ बसल्यासारखे उभे.

पाहुण्यांची म्होरकी एक निवृत्त परिचारिका होती. ती मास्तरांचा हात धरून म्हणाली, "जन्मभर मी रोग्यांच्या माणसांना 'रडू नका' सांगत आले. नवरा गेला तेव्हा स्वतःलाही तेच सांगितलं. मग तुमची ओळ वाचली. खुर्ची ओढून बसले आणि पोटभर रडले."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. तेवढ्यात ती त्यांच्या बायकोकडे वळली आणि काहीतरी विचारू लागली.

"काय म्हणतायत त्या?" बायकोनं विचारलं.

"त्या विचारतायत," मास्तर म्हणाले, "की 'आधी गळतंय ते पुसा, मग जायचं तिथं जा', असं आपण घरी... म्हणतो का."

"म्हणतो का म्हणजे? मीच म्हटलं होतं की! फ्रिज गळत होता आणि तुम्ही निघाला होता केस कापायला. पुसलंत कुठं? शेवटी मीच पुसलं."

खात्याची सगळी माणसं गार झाली. संचालकबाई मास्तरांच्या कानाशी लागल्या, "काहीतरी बरं सांगा. देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

बरं सांगणं मास्तरांच्या हातचा मळ होता. पण परिचारिका त्यांच्या तोंडाकडे इतक्या विश्वासानं बघत होती की त्यांना ते जमेना. खाली मान घालून त्यांनी सांगून टाकलं: फ्रिज, केस, बोटं, आजीची म्हण, सगळं.

परिचारिकेनं एकदा मास्तरांकडे, एकदा त्यांच्या बायकोकडे पाहिलं. मग तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे शेवटी पुसलं हिनंच?"

"हो."

ती मास्तरांना ओलांडून गेली आणि त्यांच्या बायकोचे दोन्ही हात हातात घेऊन भडाभडा बोलू लागली. अर्थ सांगायचं काम मास्तरांकडेच आलं. "म्हणतायत, सेनापतीची बायको इतकं शहाणं बोलेल यावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. हे घर चालवणाऱ्या बाईचंच वाक्य वाटत होतं. आणि तू त्यांच्याकडे ये म्हणतायत. बोलायला."

"मी? आणि काय बोलू?"

"ते त्यांनी तुझ्यावर सोडलंय."

खात्यानं रुमाल गुपचूप गुंडाळले आणि मास्तरांच्या बायकोला सरकारी पाहुणी म्हणून परदेशी धाडलं. मास्तर सोबत गेले, दुभाषा म्हणून आणि बॅगा उचलायला. तिथली सभागृहं तुडुंब भरत. संचालकबाई पहिल्या रांगेत जीव मुठीत धरून बसत.

पहिल्याच सभेत एका तरुणीनं विचारलं, "तुमच्या देशातले पुरुष खरंच त्या सेनापतीसारखे हळवे असतात का?"

मास्तरांनी प्रश्न बायकोला सांगितला. तिनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि सावकाश, मन लावून उत्तर दिलं. संचालकबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्यांनी ते तिकडच्या भाषेत मांडलं. सभागृह हसून लोटपोट झालं. टाळ्या थांबेनात.

"सगळं सांगितलंत ना?" बायकोनं विचारलं.

"सांगितलं."

"शेवटचंसुद्धा?"

मास्तरांनी एकवार दाराकडे पाहिलं. मग ते निमूटपणे पुन्हा माइकपाशी गेले.