बकुळेचं सीमोल्लंघन

"वायरिंगला घाबरतो तो, ज्याला दिशा कळत नाही!" असं मकरंद आगाशे म्हणाला तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता आणि समोर त्याचा मित्र शंतनू होता. म्हणजे बढाईला लागणारं सगळं साहित्य हजर होतं. "अरे, वायर म्हणजे नदी. बॅटरीत उगम, हॉर्नमध्ये मुख. काठाकाठाने चालत राहायचं, बस्स!"

"मक्या, तू बावीस वर्षं गवतावर संशोधन केलंयस," शंतनू म्हणाला. "वायर हिरवी असली म्हणून गवत होत नाही."

सातासमुद्रापार, पामर्स्टन नॉर्थ गावातल्या त्या गराजमध्ये मकरंदची गाडी, बकुळा, उभी होती. जन्म एकोणीसशे एकसष्टचा, बांधा विलायती, रंग दुधावरच्या सायीचा. सहा महिन्यांपासून तिचा हॉर्न मुका होता आणि इंजिन लहर लागेल तेव्हा चालू व्हायचं. इथे गाडीला वॉरंट लागतं, म्हणजे तंदुरुस्तीचा दाखला, आणि मुक्या गाडीला तो मिळत नाही. शेवटी नीलिमाने नवऱ्याला निर्वाणीचं सांगितलं, "दसऱ्याला दुपारी एकच्या आत वॉरंट आणलंस तर बकुळा आपली. नाहीतर शंतनू ट्रेलर घेऊन येईल आणि तिला घेऊन जाईल." शंतनूचा तीन वर्षं बकुळेवर डोळा होता. तो ट्रेलर आदल्या दिवशीच धुऊनही बसला होता!

दसरा उजाडला. शनिवार. मकरंदने बॉनेट उघडलं आणि त्याची नदी तिथेच आटली. साठ वर्षांच्या धुळीने सगळ्या वायरींचा रंग एकच झाला होता, जुन्या गाळण्यातल्या चहापत्तीचा! तरी गडी हटला नाही. बॅटरीपासून बोट धरून निघाला. फ्यूजचा डबा सापडला. इग्निशनची कॉइल सापडली, ती तो आधी तेलाचा डबा समजून हलवून बघत होता. हॉर्न मात्र काही केल्या दिसेना. दीड तासाने जाळीच्या मागे एक गवताचा गठ्ठा दिसला. हा आपला विषय, म्हणून मकरंदने तो मोठ्या प्रेमाने ओढला. ते साळुंक्यांनी सोडून दिलेलं घरटं होतं, आणि त्याच्या आत, अंडं उबवावं तसा, हॉर्न बसला होता!

"सापडला!" मकरंद असा ओरडला की शेजारची मेंढी चरायची थांबली.

आता प्रत्येक वायर सोडवून तिची टोकं घासायची होती. खुणेशिवाय सोडवली तर परत कुठली कुठे? चिकटपट्टी संपलेली. पण बाकावर नीलिमाने पूजेचं ताट मांडून ठेवलं होतं. मकरंदच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इग्निशनच्या वायरींना हळदीचं बोट, हॉर्नच्या वायरींना कुंकवाचं! स्वतःच्या बुद्धीवर खूश होत त्याने बाराच्या बारा वायरी सोडवल्या, घासल्या आणि हात धुवायला घरात गेला.

परत येऊन बघतो तर नीलिमा बकुळेला ओवाळत होती. आणि बाराच्या बारा वायरींना हळदही होती आणि कुंकूही!

"नीलिमा! हे काय केलंस?"

"काय म्हणजे? दसरा आहे, गाडीची पूजा केली," ती म्हणाली. "आणि तुला काही रीत? एकीला नुसती हळद, दुसरीला नुसतं कुंकू! असं देतात का रे कुठे? मला बघवेना. सगळ्यांना नीट लावलं. अक्षताही वाहिल्या."

"त्या खुणा होत्या गं!"

"मग आधी सांगायचंस."

बारा वाजले होते. बाहेर शंतनूचा ट्रेलर खडखडत येऊन उभा राहिला. मकरंदने देवाचं नाव घेतलं आणि अंदाजपंचे बारा वायरी जोडल्या. किल्ली फिरवली.

पोंऽऽऽऽऽऽ!

हॉर्न वाजला! स्टार्टर ओढला, इंजिनही सुरू झालं! आनंदाने मकरंदच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं की हॉर्न थांबत नाहीये. किल्ली फिरलेली असेपर्यंत तो वाजतच राहणार होता. आणि हॉर्नचं बटण दाबलं की इंजिन बंद!

"नापास!" शंतनू कानात बोटं घालून ओरडला.

"कशी नापास?" नीलिमा गाडीत बसत त्याच्यावर ओरडली. "वॉरंटला हॉर्न वाजायला हवा. वाजतोय! चल रे मकरंद!"

आणि निघाली स्वारी! या गावात माणूस वर्षातून एकदा हॉर्न वाजवतो, तोही चुकून कोपर लागलं तर. तिथे हा अखंड शंखनाद! बाया-माणसं अंगणात आली. कोणीतरी ठरवून टाकलं की आपला संघ सामना जिंकला असणार. मागची गाडी वाजवू लागली, तिच्या मागची वाजवू लागली. शंतनू ट्रेलर घेऊन मागोमाग निघाला होता, तर दोन पोरी त्याच्या ट्रेलरकडे बघून टाळ्या वाजवायला लागल्या. चौकाच्या गोलात एक सायकलवाला आडवा आला आणि मकरंदचा पुणेरी हात सवयीने हॉर्नवर पडला. इंजिन बंद! पण हॉर्न चालूच. मागे चौदा गाड्या उभ्या, तरी एकाच्या कपाळावर आठी नाही. उलट सायकलवाल्याने उतरून बकुळेला धक्का दिला! नीलिमा खिडकीतून हात हलवत होती. हत्तीवरच्या राणीने काय हलवला असेल!

एकला वीस मिनिटं असताना स्वारी तपासणीच्या शेडमध्ये शिरली. तपासनीस हेमी म्हणजे दारातून तिरका होऊनच मावणारा माणूस. त्याने किल्ली काढून घेतली. गावभर एकदम शांतता पसरली.

"किया ओरा, ब्रो," त्याने इथल्या रीतीने रामराम केला. "हॉर्न ऐकला. मी काय, डोंगरापलीकडच्यांनीही ऐकला." त्याने बॉनेट उघडलं, एकेक वायर बोटाने उचलून पाहिली. मग त्याने टोपी काढली.

"प्रत्येक वायर दोनदा तपासलीस? पिवळी खूण एकदा, लाल खूण एकदा? तीस वर्षांत इतकं चोख काम पाहिलं नाही मी! आणि हे तांदूळ?"

"ओल शोषायला," मकरंद म्हणाला. खोटं बोलताना शास्त्रज्ञाचा आवाज किती खात्रीचा होतो!

"हुशार आहेस!" हेमीने दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या. बटण दाबलं, पोंऽ. सोडलं, शांत. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. ब्रेक, दिवे, टायर सगळं पाहून झालं. "एवढं केलंस, ब्रो, आणि या दोनच चुकल्या. होतं असं. स्वीट ॲज! एकदम झकास!" आणि एक वाजायच्या आत त्याने वॉरंटचा कागद काचेला चिकटवला.

शंतनू रिकामा ट्रेलर घेऊन घरी गेला. तो खडखडाट मकरंदने डोळे मिटून ऐकला.

परतीच्या वाटेवर त्याची छाती स्टीअरिंगला टेकत होती. बकुळा आपली! पण रस्त्यात कोणी वळूनसुद्धा बघेना. मघाशी टाळ्या वाजवणारे आता आइस्क्रीम खात होते. मकरंदला राहवलं नाही. झेब्रा क्रॉसिंगवर एक आजीबाई सावकाश रस्ता ओलांडत होत्या, तिथे थांबून त्याने एकदाच, अगदी हलकेच, विजयाचा म्हणून वाजवला.

पों.

आजीबाई थबकल्या. काठी टेकत बकुळेजवळ आल्या, तिला पुढून मागून निरखलं आणि मकरंदला म्हणाल्या, "एवढी घाई असेल ना बाळा, तर नवी गाडी घे!"

मकरंद काही बोलायच्या आत नीलिमाने काच खाली केली आणि आजीबाईंना संध्याकाळी श्रीखंड-पुरीचं जेवायला बोलावून टाकलं.