घरतकाकांचं ढोपर

आमच्या सोसायटीत कोणी लंगडताना दिसला की घरतकाका त्याच्या मागे चालू लागतात. लगेच काही विचारत नाहीत. आधी मागून बघतात, मग डावीकडून, मग उजवीकडून, एकदा खाली वाकूनही बघतात, आणि मगच निकाल देतात, "उजव्या बाजूला खाली डेंट हाय. वरून दिसायचा नाय."

याला कारण त्यांची नोकरी. जासईच्या एका यार्डात त्यांनी आयुष्यभर कंटेनर तपासले. कुठे चेपलाय, कुठे गंजलाय, दार नीट लागतं का, बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा. निवृत्त झाल्यावर ते खांदा कॉलनीत आमच्या मजल्यावर राहायला आले. इथे कंटेनर नाहीत, म्हणून माणसं तपासतात. ट्रेलर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला हात करून "येऊ दे, येऊ दे" म्हणायची सवयही गेलेली नाही. गाडी लावणाऱ्याला म्हणतात आणि पानात भात वाढणाऱ्यालाही म्हणतात.

स्वतःच्या तपासणीला मात्र त्यांना डॉक्टर लागतात, तेही फोनवरचे. काकांचा उजवा गुडघा दुखतो, ही गोष्ट हाडांच्या बऱ्याच डॉक्टरांना आता ठाऊक आहे. एक पुण्याचा झाला, एक नागपूरचा झाला. एक हैदराबादचा होता, त्याच्याशी काका हिंदीत बोलले आणि दोघांनाही काही कळलं नाही.

"हाडाचं दुखनं बसून सांगता येत नाय, भाऊ," काका मला म्हणाले. "चालून दावाय लागतं."

चालून दाखवायचं तर फोन धरायला दुसरा माणूस हवा. मी घरून काम करतो, म्हणजे काकांच्या हिशेबात रिकामाच असतो. मग मी जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये फोन धरून उभा राहायचो आणि काका लंगडत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. "खाली धरा. माजं तोंड नाय दुखत," एवढी सूचना दर वेळी असायची.

पुण्याचा डॉक्टर म्हणाला, सूज दिसत नाही. काका म्हणाले, सकाळी असते. मग सकाळचं वर्णन सुरू झालं. आधी भिंत धरायची, जरा थांबायचं, 'आई गं' म्हणायचं आणि मग पाय टाकायचा. डॉक्टरने व्यायाम सांगितले. काका ते रोज काकूंच्या समोर बसून करत. दुसरीकडे तोंड करून करायला काय हरकत होती, कोण जाणे.

हे रिकामपणाचं दुखणं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. एका रविवारी तर मी काकांना उरणच्या सुटलेल्या बसमागे धावताना पाहिलं. दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि बस त्यांनी पकडली. दुसऱ्या दिवशी मी गुडघ्याची चौकशी केली.

"आयतवारी बंद असतो," काका म्हणाले.

काकू दारात खुर्ची टाकून लसूण सोलत हा सगळा कारभार बघायच्या, दुसऱ्याच कोणाचा तरी नवरा असल्यासारख्या. त्यांचं माहेर उरणजवळच्या मोरा गावचं, समुद्रावर जाणारी माणसं. पूर्वी खाली मासेवाली आली की काकूंचा तिच्याशी वाद चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. दिवाळीपासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. इमारतीला लिफ्ट नाही आणि त्यांचाही गुडघा दुखायचा. फोनवर डॉक्टर आहेतच, तर तुम्हीही दाखवा, असं मी एकदा सुचवलं.

"परक्या बाप्याला ढोपर दावू?"

"बाई डॉक्टरही असतात, काकू."

"बाई असंल. पन फोन ह्यांचा हाय. माजा जवला वालवतानाचा व्हिडिओ ह्यांनी सगल्या मोऱ्याला धाडला."



पुढच्या महिन्यात काकूंच्या भाच्याचं लग्न होतं. आत्या नसेल तर हळद कशी लागायची, म्हणून भाऊ सारखा फोन करत होता. शेवटी काकूंनी सांगून टाकलं, "मी नाय येत. साडी धाडीन." त्या दिवशी काका जेवले नाहीत, हे मला काकूंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या काकांवर चिडलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी नवी डॉक्टर शोधली. ही बाई होती, लातूरची, आणि तिने वेगळंच काढलं. "काका, सपाटीवर पुरे. जिना उतरून दाखवा."

काका जिन्याशी गेले आणि जरा घुटमळले. मग कठड्याकडे तोंड करून वळले, एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने लेंग्यापुढची हवा चिमटीत धरून वर उचलली आणि डावा पाय खाली टाकला.

लेंग्याला निऱ्या नसतात. मी फोन धरून तसाच उभा राहिलो. इतके दिवस मी याला रिकामपण म्हणत होतो, याची मला लाज वाटली.

"काका," फोनमधून आवाज आला, "हा गुडघा कुणाचा आहे?"

काका पायरीवर थांबले. उत्तर मागून आलं.

"मी अशी उतरते?"

काकूंच्या मांडीवर लसणाचं ताट होतं.

"दिवालीला उतरलेलीस, तवा अशीच," काका खाली बघत म्हणाले. "मंग उतरलीस कुठं?"

"दुखरा पाय आधी टाकतात. उजवा. यवढं बघून पन यवढंच समाजलं?"

काकूंनी ताट खाली ठेवलं. भिंत धरली, जरा थांबल्या, "आई गं" म्हणाल्या आणि पाय टाकला. काकांनी पुण्याच्या डॉक्टरला सांगितलं होतं, त्यात आणि यात काडीचाही फरक नव्हता. जिन्याशी येऊन त्यांनी खऱ्या निऱ्या उचलल्या.

"भाऊ, फोन खाली धरा. तोंड नको."

काका घाईघाईने दोन पायऱ्या खाली गेले आणि वळून उभे राहिले. दोन्ही हात पुढे होते. "येऊ दे," ते अगदी हळू म्हणाले, "येऊ दे, येऊ दे."

काकूंनी उजवा पाय टाकला. मग डावा त्याच पायरीवर आणला. डॉक्टरबाई फोनमधून बघत होत्या. जिना वळतो तिथपर्यंत पोचल्यावर काकूंनी श्वास घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"मोऱ्याला हलदीत असं येऊ दे, येऊ दे करू नका. लोकं हसतील."

काकांचे हात मात्र तसेच पुढे होते.